गणिताच्या तासाला आणि गृहपाठाला कोणती साधनं घ्यावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाचवी ते आठवीला गणित शिकवायला लागून दोन वर्षं झाली. संगणकात शेकडो सरावपत्रिका साठल्या आहेत. रोज वीस उदाहरणांचा गृहपाठ दिला जातो, निम्मी मुलं तो दुसऱ्याच्या वहीतून उतरवून आणतात. घटक संपून महिना झाला की शिकवलेलं पुसून गेलेलं असतं. मग वर्गात आणि घरी नेमकं काय वापरावं? लाकडी ठोकळे, पट्ट्या, पडद्यावरची साधनं घ्यावीत का?

मी याच इयत्तांना २६ वर्षं गणित शिकवलं. माझं उत्तर आधीच सांगते: तुमच्याकडे साधनं कमी नाहीत, जास्त आहेत. त्यातली बहुतेक बाजूला ठेवा. उरलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हे वापरल्यावर मुलानं काय विचार केला ते मला दिसतं का? नुसतं उत्तर दिसलं तर ते साधन अर्धंच कामाचं.

हे नीट कळायला एक उदाहरण घेऊ. सहावीत दशांश अपूर्णांकांचा लहानमोठेपणा शिकवून झाला आहे आणि सरावपत्रिकेत प्रश्न आहे, ०.४ मोठा की ०.७५? वर्गातली जवळजवळ सगळी मुलं ०.७५ म्हणतात, आपण बरोबरची खूण करून पुढे जातो. पण त्यात काही मुलं अशी असतात की ती दशांशचिन्हाच्या पुढचा भाग साधी संख्या म्हणून वाचतात. ७५ हे ४ पेक्षा मोठे, म्हणून ०.७५ मोठा. उत्तर बरोबर, विचार चुकीचा, आणि पत्रिकेनं तो झाकून टाकला. त्याच मुलांना ०.४५ आणि ०.५ द्या. ती ०.४५ मोठा म्हणतील. आता दुसरा एक गट असतो, तो उलटं शिकलेला असतो: दशांशस्थळं जास्त म्हणजे तुकडे बारीक, म्हणून संख्या लहान. ही मुलं ०.४५ आणि ०.५ मध्ये बरोबर उत्तर देतात आणि ०.४ व ०.७५ मध्ये चुकतात. म्हणजे या दोन जोड्या एकत्र दिल्या तर कोण कुठे अडलं आहे ते कळतं. एकाच साच्याच्या वीस जोड्या दिल्या तरी कळत नाही. पत्रिकेतल्या संख्या कुणी आणि किती विचार करून निवडल्या आहेत, यावर तिची किंमत ठरते.

अशा फसव्या संख्या सगळीकडे भेटतात. घातांकाचं पहिलं उदाहरण २² कधीच देऊ नका. २ × २ हेही ४ आणि २ + २ हेही ४, त्यामुळे पायाला घातानं गुणायचं असं समजलेलं मूल सुखरूप सुटतं. ३² घ्या, तिथे ९ आणि ६ वेगळे दिसतात. समीकरणाची सुरुवात २x = ४ नं केली तर दोन वजा करणाऱ्यालाही २ मिळतात आणि दोननं भागणाऱ्यालाही. ३x = १२ मध्ये ९ आणि ४ वेगळे पडतात. परिमिती आणि क्षेत्रफळासाठी ४ बाजूचा चौरस नको, दोन्हीकडे १६ येतात. कोनमापक शिकवताना काटकोनानं सुरुवात करू नका. ९० वर आतली आणि बाहेरची मोजपट्टी एकच आकडा दाखवते, त्यामुळे कोणत्या पट्टीवर वाचायचं हा खरा प्रश्न तिथे उपस्थितच होत नाही. ६० अंशांचा कोन द्या. काही वह्यांत १२० येईल. मग विचारा, हा कोन काटकोनापेक्षा लहान दिसतो की मोठा? अपूर्णांकांच्या तुलनेत ३/४ आणि २/३ ही जोडी टाळा. ‘आकडे मोठे म्हणून अपूर्णांक मोठा’ असं मानणारं मूल त्यात बरोबर येतं. ३/५ आणि २/३ द्या, ते चुकेल, आणि तीच चूक तुम्हाला पाहायची आहे.

तुमच्या संग्रहातली प्रत्येक पत्रिका अशी तपासायला वेळ लागेल. एका घटकाला एक तास बसा, चांगली दहा उदाहरणं वेगळी काढा, बाकीची विसरा. चित्रं आणि रंग यांकडे बघू नका. उत्तरसूची स्वतः सोडवून पाहा, मोफत मिळणाऱ्या पत्रिकांत चुकीची उत्तरं मला नेहमी सापडली आहेत.

वर्गातल्या साधनांत माझं पहिलं स्थान पाटीला आहे. पाटी नसेल तर पुसता येणारा छोटा पांढरा फळा, तोही नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कोरा कागद. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी लिहायचं, ‘दाखवा’ म्हटलं की एकदम वर करायचं. हात वर करणाऱ्या त्याच चार मुलांची उत्तरं ऐकून वर्गाला समजलं असं मानणं ही आपल्या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे. पाट्या वर झाल्या की अर्ध्या मिनिटात चित्र समोर येतं. ५०३ − २६८ चं उत्तर आठ पाट्यांवर ३६५ दिसलं, तर त्या आठ जणांनी प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे हे लगेच कळतं. त्यांना ‘हातचा नीट घ्या’ सांगून उपयोग नाही. ५०३ सुटे करायला बसवायचं: पाच शतकांतलं एक मोडलं, दहा दशक आले, त्यातलं एक मोडलं, दहा एकक आले. पाटीचा आणखी एक गुण म्हणजे ती पुसता येते. वहीत चुकायला घाबरणारी मुलं पाटीवर बिनधास्त लिहितात.

दुसरं स्थान चौकटीच्या कागदाचं. इतकं साधं आणि इतकं पुरणारं साधन दुसरं नाही. २३ × १४ करताना २३ लांब आणि १४ रुंद आयत आखायचा, तो २० व ३ आणि १० व ४ असा तोडायचा. चार तुकडे: २००, ८०, ३०, १२. बेरीज ३२२. उभ्या मांडणीत दुसऱ्या ओळीत शून्य का येतं हे इथे डोळ्यांना दिसतं. हीच आकृती आठवीत (a + b)² साठी काढा. a² + b² लिहून मोकळं होणाऱ्या मुलाला मधले दोन आयत दाखवले की आपण काय वगळलं ते त्याला समजतं. पाचवीत गुणाकाराला वापरलेली आकृती आठवीत ओळखीची म्हणून परत येते, हा तिचा मोठा फायदा. दर इयत्तेला नवं साधन आणण्यापेक्षा तीनचार साधनं वर्षानुवर्षं चालवणं मला जास्त फळलं.

लाकडी ठोकळे आणि पट्ट्यांबद्दल विचारलंत. बेल्जियममधले शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी १ ते १० सेंटिमीटरच्या रंगीत पट्ट्या तयार केल्या आणि १९५२ साली त्यावर लिहिलं. एकक, दशक, शतकांच्या ठोकळ्यांशी हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ झोल्टान डीनेश यांचं नाव जोडलेलं आहे. दोन्ही उत्तम आहेत, पण एका अटीवर. ठोकळा हलवला की त्याच क्षणी वहीत तेच अंकांत लिहायचं. दशकाची दांडी मोडून दहा सुटे घेतले, तर वहीत दशकाचा अंक खोडून त्यावर एक कमी लिहायचा, लगेच. आधी आठवडाभर ठोकळे आणि मग आठवडाभर वही असं केलं, तर मुलाच्या डोक्यात ती दोन वेगळी कामं राहतात. ही चूक मी काही वर्षं केली आणि ठोकळ्यांवर सहज करणारी मुलं वहीत का अडतात हे मला कळत नव्हतं.

ऋण संख्यांसाठी दोन रंगांच्या सोंगट्या घ्या: एक रंग धन, एक रंग ऋण, एकेक जोडी म्हणजे शून्य. ३ − (−५) करायला टेबलावर तीन धन सोंगट्या आहेत, पाच ऋण काढायच्या आहेत, पण ऋण नाहीतच. मग शून्याच्या पाच जोड्या मांडायच्या, त्यातल्या पाच ऋण उचलायच्या, उरतात आठ धन. इथे आपली भाषा आपल्या मदतीला येते. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये ऋण संख्यांचे नियम दिले ते धन आणि ऋण, म्हणजे संपत्ती आणि कर्ज, याच शब्दांत. हे शब्द आपण आजही वापरतो, फक्त त्यांचा अर्थ मुलांना सांगायचा राहून जातो. ‘तीन रुपये आहेत, आणि पाच रुपयांचं कर्ज माफ झालं, तर पूर्वीपेक्षा बरं झालं की वाईट?’ एवढा प्रश्न ‘वजा वजा अधिक’ या पाठांतरापेक्षा खोल जातो.

पडद्यावरच्या साधनांचं उत्तर छोटं आहे. जिओजेब्रा, म्हणजे आकृत्या काढून हलवता येणारं सॉफ्टवेअर, ज्याची सुरुवात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली केली, आणि डेस्मॉसचं आलेख काढणारं गणकयंत्र, ही दोन मोफत मिळतात आणि शाळेला पुरतात. विचार करायला लावणारे प्रश्न हवे असतील तर केंब्रिज विद्यापीठाचा एनरिच हा प्रकल्प १९९६ पासून ते देत आला आहे. वर्गात एकच पडदा असला तरी चालतं, पण आकृती हलवण्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या. त्रिकोणाचा पाया स्थिर ठेवून वरचा बिंदू पायाला समांतर रेषेवर दूर ओढत न्या आणि आधी विचारा, क्षेत्रफळ वाढेल, घटेल की तेवढंच राहील? लांबट तिरका त्रिकोण पाहून बरीच मुलं ‘घटेल’ लिहितात. अंदाज लिहिलेला असला की पडद्यावरचा न बदलणारा आकडा त्यांना खटकतो, आणि तिथून शिकवायला सुरुवात होते. नुसतं चूक-बरोबर सांगून गुण देणारी ॲप्स मी गृहपाठाला देत नाही. त्यात मुलाची मधली पायरी दिसत नाही. पाढे आणि तोंडी हिशोबाचा वेग वाढवायला ती ठीक.

आता एक असं उदाहरण जे माझ्या मते शंभर पत्रिकांच्या तोलाचं आहे. प्रत्येक जोडीला २४ सेंटिमीटरचा दोरा द्या आणि चौकटीच्या कागदावर त्याचे वेगवेगळे आयत करायला सांगा. आधी विचारा, दोरा तोच आहे, मग सगळ्या आयतांचं क्षेत्रफळ सारखं येईल का? बहुतेक मुलं ‘हो’ म्हणतील. मग तक्ता: १ × ११ चे ११, २ × १० चे २०, ३ × ९ चे २७, ४ × ८ चे ३२, ५ × ७ चे ३५, ६ × ६ चे ३६. पाचवीतलं मूल इथे परिमिती आणि क्षेत्रफळ वेगळे असतात हे पाहतं, गुणाकाराचा सराव आपोआप होतो. सहावीत विचारा, लागोपाठच्या क्षेत्रफळांतला फरक किती? ९, ७, ५, ३, १. कुणीतरी ओरडतंच, ‘विषम संख्या!’ सातवीत विचारा, ३६ पेक्षा प्रत्येक आयत कितीनं कमी आहे? १, ४, ९, १६, २५. सगळ्या वर्गसंख्या. का? आणि बाजू ५.५ आणि ६.५ घेतल्या तर? ३५.७५ येतात, म्हणजे ३६ पेक्षा ०.२५ नं कमी, आणि ०.२५ हा ०.५ चा वर्ग. आठवीत हेच (६ − १)(६ + १) = ३६ − १ असं लिहिलं की (a − b)(a + b) = a² − b² ही नित्यसमानता मुलांना पूर्वी भेटलेली वाटते. मंद गतीचं मूल पहिल्या तक्त्यावर काम करत असतं, तेव्हा पुढचं मूल दशांशांत शिरलेलं असतं, आणि दोघं एकाच प्रश्नावर असतात. अशी वर्षाला आठदहा उदाहरणं जमवा. त्यांना पूर्ण तास द्या, घाई करू नका.

शाब्दिक उदाहरणांसाठीही नवीन पुस्तक लागत नाही. मुलं शब्द पकडतात: ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. म्हणून असं द्या: ‘राणीनं ५ मणी मैत्रिणीला दिले. तिच्याकडे १२ उरले. आधी किती होते?’ इथे ‘उरले’ आहे आणि करायची आहे बेरीज. किंवा तुमच्याच पुस्तकातलं उदाहरण घ्या, शेवटचं प्रश्नाचं वाक्य झाका, आणि विचारा, यात काय काय विचारता येईल? संख्या झाकून नुसती गोष्ट वाचायला देणं हाही चांगला प्रयोग. आकडे नसले की आकड्यांवर झडप घालता येत नाही, वाचावंच लागतं.

आता गृहपाठ, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे.

मुलाच्या शेजारी आपण नसताना जे काम ते करणार आहे ते त्याला एकट्याला जमणारं हवं. आज सकाळी अर्धवट समजलेल्या नव्या पद्धतीची वीस उदाहरणं घरी दिली, तर ज्याला समजलं त्याला वीसची गरज नव्हती आणि ज्याला नाही समजलं त्यानं चूक वीस वेळा घोटली किंवा वही उसनी घेतली. उतरवून आणणाऱ्या मुलांतली फार थोडी आळशी असतात. बाकीच्यांना एक तरी पायरी येत नसते आणि रिकामी वही दाखवायची भीती असते. म्हणून मी वीसऐवजी सहा उदाहरणं देते आणि अंतिम उत्तरं खाली, क्रम बदलून, छापून देते. उत्तर समोरच असलं की ते उतरवण्यात काही उरत नाही, वहीत पायऱ्या मागता येतात. शिवाय मूल स्वतःच ताडून पाहतं आणि चुकलं तर त्याच संध्याकाळी मागे जातं.

सहांपैकी फक्त दोन चालू घटकावरची. दोन गेल्या आठवड्यातली, एक गेल्या महिन्यातलं, आणि एक चूक शोधण्याचं. महिन्यानं सगळं पुसलं जातं या तुमच्या तक्रारीवर मला सापडलेला सगळ्यात परिणामकारक उपाय हाच. वर ‘लसावि’ असं शीर्षक असलं की मूल उदाहरण वाचतच नाही, संख्या उचलतं आणि लसावि काढतं. मिसळलेल्या गृहपाठात आधी ‘इथे काय करायचं आहे’ हे ठरवावं लागतं, आणि परीक्षेत नेमकं तेच करावं लागतं. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणं दिली होती. एका गटाला एकेका आकृतीची सलग, दुसऱ्याला मिसळून. सराव करताना सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ वर राहिले. हे आकडे पालकसभेत जरूर सांगा. मिसळलेला गृहपाठ सुरू केला की पहिले दोनतीन आठवडे वह्यांत चुका वाढतात, पालक काळजीनं विचारायला येतात, आणि तिथेच बरेच शिक्षक माघार घेतात. थोडा धीर धरा.

नवी पद्धत असेल तेव्हा पूर्ण सोडवलेलं एक उदाहरण छापून द्या, त्याखाली शेवटची पायरी गाळलेलं दुसरं, त्याखाली पहिलीच पायरी दिलेलं तिसरं, मग पूर्ण कोरं चौथं. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर दाखवलं की सोडवलेली उदाहरणं अभ्यासून मग तसंच एक सोडवणारे विद्यार्थी नुसती उदाहरणं सोडवत राहणाऱ्यांपेक्षा तशाच प्रश्नांत कमी वेळ घेतात आणि कमी चुकतात. घरी विचारायला कुणी नसलेल्या मुलाला तर ते छापील उदाहरणच शिक्षक असतं.

तपासणीचं काय? पन्नास वह्या, वीस उदाहरणं, म्हणजे हजार उदाहरणं रोज. ते कुणालाच जमत नाही, मग आपण सही करून मोकळे होतो, आणि सही झालेली चूक मुलाला बरोबर वाटते. मी सहांपैकी एकच उदाहरण निवडते आणि तेवढंच सगळ्या वह्यांत नीट वाचते. वाचताना वह्यांचे चूकनिहाय गठ्ठे करते. पंधरावीस मिनिटांत होतं. दुसऱ्या दिवशीचा तास सगळ्यात मोठ्या गठ्ठ्यातल्या चुकीनं सुरू होतो, ती चूक फळ्यावर, मुलाचं नाव न घेता. रोजच्या गृहपाठाला गुण देऊ नका, एखादा शेरा पुरे: ‘तिसऱ्या ओळीत छेद कुठे गेला?’ रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात शाळकरी मुलांच्या तीन गटांना नुसते गुण, नुसता शेरा, आणि दोन्ही मिळाले होते. सुधारणा नुसत्या शेऱ्याच्या गटात दिसली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्या मुलांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. मूल गुण पाहतं आणि वही मिटतं, हे आपण रोजच पाहतो.

सहावीला दशांशांची तुलना शिकवून झाली असं धरून त्या दिवशीचा गृहपाठ लिहून देते, अंदाज येईल.

१. ०.६ आणि ०.५८ संख्यारेषेवर दाखवा. मोठी कोणती?
२. ०.३ आणि ०.३० इतक्या चौकटी शंभर चौकटींच्या दोन चौरसांत रंगवा. काय दिसलं?
३. २/३ + १/४
४. एका आयताची लांबी ९ सेंमी, परिमिती ३० सेंमी. रुंदी किती?
५. एक घंटा दर १२ मिनिटांनी वाजते, दुसरी दर १८ मिनिटांनी. आत्ता दोन्ही एकदम वाजल्या. पुन्हा एकदम कधी वाजतील?
६. ‘प्रत्येक वेळी ०.१ नं वाढवत जा’ असं सांगितल्यावर एका मुलीनं ०.७, ०.८, ०.९, ०.१० असं लिहिलं. तिनं काय विचार केला असेल ते दोन वाक्यांत लिहा.

यातलं सहावं उदाहरण तेवढं सगळ्या वह्यांत वाचा.